रहस्यकथेचे शेवटचे पान

रहस्यकथा आवडते असे चारचौघांत कबूल करणारा टीकाकार मला अजून भेटावयाचा आहे. आगगाडीत वेळ जाईना म्हणून वाचली, तापाने अंथरुणावर पडलो होतो म्हणून वाचली, मुलाच्या उशाखाली सापडली म्हणून चाळून पाहिली, अशी काही ना काही सबब पुढे करूनच ही मंडळी बाबुराव अर्नाळकरांचे नाव घेतात, आणि घेतल्यावर कोणी ऐकले तर नाही ना, हे पाहून घेतात. अर्नाळकरांची पुस्तके हजाराच्या वर भरतात. गुरुनाथ नाईकांचा आकडा बाराशेच्या घरात सांगतात. एवढी पुस्तके ज्या भाषेत खपली त्या भाषेत ती कोणीच वाचलेली नाहीत, हे रहस्य उकलण्यास खुद्द धनंजयलाच पाचारण करावयास हवे!

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चकली-चिवड्याच्या डब्यांबरोबर मराठी घरात दिवाळी अंकही येतो. त्यांतले वैचारिक लेखांचे अंक दिवाणखान्यातल्या मेजावर कोरे करकरीत राहतात, आणि ‘नवल’ किंवा ‘धनंजय’ यांसारखे गूढ व रहस्य यांना वाहिलेले अंक भाऊबीजेच्या आत मुखपृष्ठावाचून होतात. ज्या अंकाची पाने मळतात त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच माझा हेतू आहे. सबब सांगण्याचे मला कारण नाही, कारण मी मराठी वाचावयास शिकलो तोच मुळी रहस्यकथा वाचून.

आमचे नायगाव म्हणजे सावित्रीबाईंचे सातारा जिल्ह्यातले नायगाव नव्हे. नांदेडहून देगलूरच्या वाटेला लागले की नरसीच्या अलीकडे जे लागते ते. तेलंगण इथून हाकेच्या अंतरावर. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन भाषांत घासाघीस ऐकू येई. १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. त्यामुळे माझे काका मराठी बोलत, हिशेब उर्दूत लिहीत, आणि पत्र लिहावयाचे झाले की मराठी शब्द उर्दू अक्षरांत उजवीकडून डावीकडे मांडीत. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ माणसांची हीच तऱ्हा होती.

तेव्हा मराठवाड्यातल्या वाचकाला रहस्यकथेची गोडी केवळ गिरगावातून लागली, असे जे समजले जाते ते सर्वस्वी खरे नाही. ती उत्तरेकडूनही आली. जफर उमर या लेखकाने १९१६ साली ‘नीली छतरी’ नावाची उर्दू कादंबरी लिहिली. मोरिस लेब्लांच्या फ्रेंच कथांतला आर्सेन ल्यूपँ हा सभ्य चोर तिथे बहराम होऊन अवतरला. लेखक स्वतः पोलीस खात्यातला आणि नायक चोर, हा योग मोठा मौजेचा. पुढे १९५२ च्या मार्चमध्ये अलाहाबादहून इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ निघू लागली आणि १९५५ पासून इम्रानची मालिका. हा इम्रान वरून अगदी बावळट, भलतेसलते बरळणारा. आतून गुप्तहेर खात्याचा प्रमुख. नांदेडला गेले की काका ही पुस्तके आणीत आणि रात्री ओट्यावर कंदिलाच्या उजेडात उर्दूतून पाहून मराठीत वाचून दाखवीत. वाचता वाचता भाषांतर करणारा माणूस मी त्यानंतर विद्यापीठातही पाहिला नाही. पुढे अर्नाळकर मिळू लागले तेव्हा भाषांतराची गरज उरली नाही. तरी काकांचे मराठी वाचन चाचरत होई, म्हणून पुस्तक माझ्या हाती आले. मी वाचीत असे, काका ‘हां, आगे’ म्हणत, आणि आजी जात्याजवळ पाय पसरून ऐके.

१९६२ सालच्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. काकांनी नांदेडच्या एका भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून एक रहस्यकथा आणली. मुखपृष्ठ नव्हते, त्यामुळे ती अर्नाळकरांची की त्यांच्या कोणा अनुयायाची, हे आज सांगता येणार नाही. एका वाड्यातल्या म्हाताऱ्या सावकाराचा खून झालेला, घरात सात माणसे, सातांच्याही मनात काळेबेरे. आजी दिवाळीच्या वाती वळीत होती. तीन रात्री वाचन चालले. चौथ्या रात्री गुप्तहेराने सातही जणांना दिवाणखान्यात जमविले, दाराला कडी घातली, एकवार सर्वांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘मंडळी, खून करणारा याच खोलीत...’ आणि पुढचे पानच नव्हते! कोणा वाचकाने ते फाडून नेले होते. रहस्यकथेचे शेवटचे पान फाडणाऱ्यासाठी चित्रगुप्ताने वहीत निराळे सदर ठेवले असेल, असा माझा विश्वास आहे.

आमच्या ओट्यावर एकच गिल्ला झाला. काकांचा संशय पुतण्यावर, माझा दिवाणजीवर, शेजारच्या काकूंचा सुनेवर. आजी वाती वळीतच होती. काकांनी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘कोन केलं ते ठावंच हाय की, बापू. त्यो सांगलालाय का न्हाई, ते बग.’

हे बोलणे मला त्या वेळी वेडगळपणाचे वाटले. आज साठ वर्षे रहस्यकथा वाचून झाल्यावर वाटते की या वाङ्मयप्रकाराविषयी मी वाचलेल्या टीकेत इतके नेमके वाक्य दुसरे नाही.

रहस्यकथा का आवडते, याचे ठरीव उत्तर असे की माणसाला कुतूहल असते आणि कोडे सुटले की त्याला बरे वाटते. हे उत्तर मला पटत नाही. कोडे सुटण्याचाच आनंद असता तर एकदा वाचलेली रहस्यकथा माणसाने पुन्हा हाती धरली नसती. शब्दकोडे सोडवून झाल्यावर त्याच चौकोनांत तीच अक्षरे पुन्हा कोण भरतो? परंतु शेरलॉक होम्सच्या कथा आपण दहा दहा वेळा वाचतो. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला. त्या अनुवादांची पाने मी पाठ झाल्यावरही उलटली आहेत. चोर कोण हे ठाऊक असते. तरीही शेवटच्या प्रकरणाची आपण वाट पाहतो, कारण तिथे कोणीतरी उठून, सर्वांच्या देखत, झाले ते जसेच्या तसे सांगणार असतो. हे सांगणे आपल्याला हवे असते.

खेड्यात राहिलेल्या माणसाला यातले मर्म लवकर कळते. गावात गुपित असे फारसे नसतेच. कोणाच्या पाटीत कोणाची भाकर गेली, कोणाच्या गंजीला कोणी काडी लावली, हे दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत सर्वांना माहीत झालेले असते. प्रश्न ‘कोणी केले’ हा नसतो. ‘बोलणार कोण’ हा असतो. चावडीवर बसलेली वीस माणसे जाणतात आणि वीसच्या वीस चिलीम ओढतात.

जुन्या काळी दख्खनच्या गावांत चोरीचा माग काढण्याची रीत होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात तिचे वर्णन येते. चोरी झाली की गावच्या राखणदाराने पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे आणि तो माग पुढच्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन करावयाचा. असा माग शिवेशिवेवरून पुढे जाई. जिथे तो थांबेल, त्या गावावर जबाबदारी. म्हणजे पायाचा ठसा वाचण्याची विद्या इथल्या माणसाला बेकर स्ट्रीटवरून शिकावयाची नव्हती. मात्र माग गावापाशी येऊन थांबे. दारापाशी तो नेण्याचे काम पुढे गावकऱ्यांच्या जिभेचे. आणि जीभ तिथे अडे.

ती का अडे, हे हरवलेल्या उंटाच्या गोष्टीत फार सुंदर आले आहे. आपण सर्वांनी ती शाळेत वाचली. न पाहिलेल्या उंटाचे वर्णन वाटसरू करतात: एका डोळ्याने आंधळा, एका पायाने लंगडा, दात पडलेला. ही गोष्ट अमीर खुस्रोच्या ‘हश्त बिहिश्त’ या १३०२ च्या सुमाराच्या फारसी काव्यात आहे. तिथून ती युरोपात गेली, तिच्या धर्तीवर व्होल्तेअरने आपला झादिग रंगविला, आणि पाश्चात्य टीकाकार गुप्तहेरकथेची वंशावळ तिथपर्यंत नेऊन भिडवतात. पण त्या गोष्टीतली एक बाब शाळेत गुरुजींनी कधी दाखविली नाही. वाटसरूंनी उंटाचे वर्णन केल्याबरोबर त्यांनाच चोर म्हणून धरले जाते! ज्याला दिसले आणि ज्याने ते सांगितले, तोच आधी अडकला. चावडीवरची वीस माणसे चिलीम का ओढतात, याचे उत्तर खुस्रोने सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

आमच्या भागाचा या वाङ्मयाशी आणखी एक धागा आहे, आणि तो थोड्यांना ठाऊक असेल. मेडोज टेलर हा इंग्रज तरुणपणी निजामाच्या नोकरीत होता. ठगांच्या टोळ्या त्या वेळी याच वाटांवरून हिंडत. त्याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन भागांची कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत घरोघर वाचली गेली. एडगर अॅलन पोची पहिली गुप्तहेरकथा आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १८४१ साली. पुढे १८५३ मध्ये नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा टेलरच तिथला कारभार पाहू लागला. नळदुर्ग म्हणजे आपल्या तुळजापूरच्या शेजारचे! त्याच्या कादंबरीत खुनी कोण हा प्रश्नच नाही. अमीर अली हा ठग माफीचा साक्षीदार होऊन साहेबापुढे बसतो आणि आपण केलेले सर्व खून एकामागून एक सांगत जातो. वाचक खिळून राहतो तो त्या सांगण्याने. किती मेले हे नंतर आठवत नाही. त्या माणसाचा न अडखळणारा आवाज मात्र कानांतून जात नाही.

आता हीच मोजपट्टी घेऊन रहस्यकथेच्या निरनिराळ्या जाती पाहाव्यात. शेवटी बोलतो कोण आणि कोणापुढे?

इंग्रजांच्या कोडेवजा कादंबरीत गुप्तहेर बोलतो आणि सर्वांपुढे बोलतो. अगाथा ख्रिस्तीचा प्वारो मंडळींना खोलीत जमवून व्याख्यान दिल्यासारखा बोलतो. या प्रकाराचे नियमसुद्धा झाले. रोनल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९ साली दहा आज्ञा लिहून काढल्या. त्यांतली एक अशी की कथेत गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक असू नये. ही आज्ञा वाचून मला हसू आवरले नाही. आमच्या कंधारच्या किल्ल्यापासून कुठकुठल्या किल्ल्यांपर्यंत भुयारे गेली आहेत याची यादी कोणीही म्हातारा तुम्हांला पान खाता खाता देईल! मराठी लेखकाला एका भुयारात भागविण्यास सांगणे म्हणजे आमटीत एकच मिरची घाला म्हणण्यासारखे आहे. गो. ना. दातारांनी ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्यांतून रेनॉल्ड्सच्या लंडनला जो मराठी अंगरखा घातला, त्याची सगळी जादू तळघरे, चोरदरवाजे आणि वेषांतरे यांत होती. दातारांच्या भाषेत एक भारदस्त संथपणा आहे. दिवा लावून, पाट मांडून, मग रहस्य वाढावे असा. आजच्या वाचकाला तो सोसेल की नाही याची शंका वाटते, परंतु ज्याला सोसेल तो सुखी होईल.

बंद खोलीतल्या खुनाचे कोडे मराठीत का रुजले नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बंगालीत ते रुजले. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी १९३२ साली आला आणि त्याने स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवले. मराठीत मात्र वाचकाने डोक्यावर घेतला तो झुंजार. अर्नाळकरांचा धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही जोडी होम्सच्या वळणाची. ती आवडली नाही असे नाही. पण झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाचकांनी जो जीव लावला तो काही वेगळाच. हे कायद्याचे सेवक नव्हेत. हे रात्री घरे फोडणारे, पोलीस ज्यांच्या पाळतीवर आहेत असे. दुष्टाच्या तिजोरीवर यांचा डोळा, आणि पोलिसांना जे साधत नाही ते हे साधून जातात. बहरामचे हे मराठी भाऊबंद.

याचे कारण मला तरी आमच्या भागात राहून उमगले. ज्या मुलखात कायद्याची भाषा आपली नव्हती आणि कचेरीची पायरी चढताना फेटा सावरावा लागे, तिथे कायदा आणि न्याय एकाच घरात नांदतात, ही इंग्रजी कादंबरीची मूळ कल्पनाच वाचकाला परकी होती. शेजारचे उमरी घ्या. १९४८ च्या जानेवारीत तिथल्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला आणि ती रक्कम निजामाविरुद्धच्या लढ्याच्या कामी लावली. कायद्याच्या पुस्तकात तो दरोडा. आमच्या घरात त्याची हकिकत सणासुदीला सांगितली जाई आणि ऐकताना बायकांचे डोळे चमकत. असल्या हकिकतीवर वाढलेल्या पोराच्या हातात झुंजार आला, तर त्याला तो कादंबरीतला वाटावा कसा? इब्ने सफी आपल्या वाचकाला कायद्याचा आदर शिकवू पाहत. त्यांचे कथानक काका चवीने वाचीत आणि तो आदर तेवढा भाषांतरातून गाळीत, असा मला आता संशय येतो.

पण झुंजारची जी मोहिनी, तीच त्याची उणीव आहे. झुंजार बोलत नाही. तो येतो, शासन करतो आणि नाहीसा होतो. दुष्टाला दंड झाला हे वाचकाला कळते, गावाला कळत नाही. अर्नाळकरांची पहिली दहा पाने कोणत्याही मराठी कथाकाराने हेवा करावा अशी असतात: रात्र, पाऊस, मोटारीचे दिवे, तुटक बोलणे, आणि तुम्ही ओढले गेलात. शेवटची दहा पाने मात्र पुष्कळदा एस.टी. सुटावयाच्या आत गाठोडे बांधावे तशी. कळ दाबली, भिंत सरकली, मुखवटा उतरला, संपले! हजार पुस्तके लिहिणाऱ्याला शेवटासाठी सवड कुठून असणार? तरी मी म्हणेन, त्यांच्या घाईनेच हजारो मराठी माणसांना वाचावयाची सवय लागली. तीत मीही आहे. ऋण मान्य करून दोष दाखवावा, एवढाच माझा अधिकार.

गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीप आणि गोलंदाजविषयी मला थोडेच सांगावयाचे आहे. त्यांच्याबरोबर शत्रू देशाबाहेरचा झाला, रहस्यकथेची हेरकथा झाली, आणि वेग आणखी वाढला. २०२१ साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या पुस्तकांची संख्या छापली. पुस्तकांविषयी फारसे काही छापले नाही. सुहास शिरवळकरांना मी याहून वरचे स्थान देतो. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास मला विशेष प्रिय आहे, कारण तो कोर्टात उभा राहून बोलतो. शिरवळकरांची भाषा कॉलेजच्या कट्ट्यावरची, खोडकर, कधी कधी स्वतःवरच खूष. पण उलटतपासणी रंगात आली की ती पात्याला धार लावल्यासारखी होते. २००३ साली ते अकाली गेले. लोक त्यांना ‘दुनियादारी’साठी आठवतात, ते ठीकच आहे. मी त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यासाठी आठवतो.

गूढकथा आणि भयकथा यांना रहस्यकथेच्या पंक्तीला बसवू नये, असे काही जण म्हणतात. मी बसवतो, पण पाट वेगळा मांडतो. नारायण धारपांच्या कथेत मेलेलाच परत येऊन बोलतो. जिवंतांनी तोंड मिटले म्हणून भुताला यावे लागते. आणि समर्थांसारखा कोणी त्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याला वाटेला लावतो. खेड्यातल्या भुताच्या गोष्टी नीट ऐकाव्यात. विहिरीवरची बाई, पारावरचा मुंजा, यांच्या मागे बहुधा एक न बोललेली हकिकत असते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत तर शेवटी कोणीच बोलत नाही. दार किलकिले होते, आत काय आहे ते वाचकाला अर्धे दिसते, आणि कथा थांबते. कलेच्या दृष्टीने मतकरी या सर्वांत सरस आहेत यात मला संशय नाही. आजीला मात्र ते आवडले नसते. अर्धे दिसणे तिला घरात भरपूर होते.

याचा खुलासा करावयास हवा. आजीचे माहेर जवळच्याच एका खेड्यातले. १९४८ च्या पावसाळ्यात, सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या त्याच्या काही आठवडे आधी, तिचा धाकटा भाऊ एका संध्याकाळी बैल पाहावयास म्हणून शिवाराकडे गेला, तो परत आला नाही. रझाकारांचे दिवस होते. पुष्कळ कुटुंबे गाव सोडून वऱ्हाडच्या हद्दीत गेली होती. त्याचे नाव कोणी सांगितले हे गावाला ठाऊक होते, असे मी मोठा झाल्यावर कानांवर आले. गावाने ते आजीला कधी सांगितले नाही. तिने विचारलेही नसावे. लग्नकार्यात, तेराव्यात, बाजारात ती त्याच माणसांत वावरत होती, आणि त्यांतला कोणीतरी एक तो होता.

माझी मराठी रहस्यकथेविषयी तक्रार आहे ती इथे. तिची मोटार मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरून निघते, फार तर पुण्याच्या कॅंपात थांबते. नायगावच्या बाजारात ती उतरली नाही. आणि उतरली तर तिला आपली जुनी हत्यारे उपयोगी पडणार नाहीत. इथे बोटांचे ठसे नकोत, सिगारेटची राख नको. जे सर्वांना ठाऊक आहे ते एका माणसाकडून बोलवून घेण्यासाठी काय करावे लागेल, आणि तो बोलल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला विहिरीवर पाणी भरू देतील की नाही, हे त्या कथेचे रहस्य असेल. अशी कथा लिहिणाऱ्याला मराठवाड्यात दर दहा कोसांवर विषय मिळेल. मी स्वतः दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा माझा साक्षीदार ऐन वेळी गप्प बसला, आणि त्याला बोलता करण्याची युक्ती मला सुचली नाही. तरुण लेखकांपैकी कोणाला सुचली तर तो अंक मी मुखपृष्ठ शाबूत असतानाच वाचीन.

त्या फाटक्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. पाडव्याला काका नांदेडला जाऊन आले. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, दुकानदाराकडे दुसरी प्रत होती, तिच्यातले शेवटचे पान उतरवून आणले आहे. कंदील जवळ ओढून ते वाचू लागले. गुप्तहेराने सातांमधल्या एकाकडे बोट केले. खून कसा झाला, कोणत्या वेळी झाला, कोणी दार उघडून दिले आणि कोण पाहून गप्प बसले, हे सर्व त्याने एकेक करून सांगितले. त्या रात्री काका मुळीच चाचरले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिले. कागदावरच्या ओळी उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या होत्या. खाडाखोड पुष्कळ होती.

आजीने वाती बाजूला ठेवल्या होत्या.

‘समद्याच्या म्होरं म्हनला का त्यो?’ तिने विचारले.

‘हो माय, सगळ्यांच्या समोर.’

‘मंग वाच पुन्यांदा,’ ती म्हणाली.